पुतळी आणि सम्राट

मंडळाच्या हळदीकुंकवात कुणाच्या गळ्यात पुतळ्यांची माळ दिसली, की कुणीतरी ठामपणे सांगतंच, "ही मूळची रोमन नाणी हो!" हे अर्धंच खरं आहे. पुतळीचा नमुना रोमचा नव्हे, व्हेनिसचा. तिथलं साडेतीन ग्रॅमचं डुकाट १२८४ पासून १७९७ पर्यंत जवळजवळ एकाच चित्रानिशी निघत राहिलं : संत मार्ककडून निशाण घेणारा, गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि मागल्या बाजूला तारकांच्या वलयात ख्रिस्त. आपल्याकडे त्याच्या नकला झाल्या, तेव्हा लॅटिन अक्षरांच्या रेघोट्या झाल्या आणि त्या दोन आकृतींत लोकांना राम-सीता दिसली.

खरा अर्धा भाग चालीचा. परकं नाणं भोक पाडून गळ्यात घालणं रोमन काळापासूनचं. दक्षिणेत भोकं पाडलेले औरियस मिळाले आहेत, आणि आपल्या तेरला रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदकंसुद्धा. (गरिबाघरची पुतळीच म्हणा ना!)

आइंडहोवनहून लायडनला जाऊन बुन्निकचं घबाड जरूर पाहावं. २०२३ मध्ये सापडलेल्या ४०४ नाण्यांत ७२ औरियस आहेत. मुखवटे कोरणाऱ्याचा हात असामान्य, यात शंका नाही. पण मला त्या चित्रांत सतत हुकूम ऐकू येतो. टायबेरियसचं उदाहरण घ्या. पुढे त्याचं डोकं, मागे आसनावर बसलेली स्त्री, बहुधा त्याची आई लिव्हिया. त्याच्या राज्यात हीच जोडी वर्षानुवर्षं छापली गेली. भारतात ही नाणी भरपूर आली. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ औरियसपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. सोनं ठेवलं, चेहरा रद्द केला!

पुतळीचं नेमकं उलटं झालं. चेहरा ठेवला, पण त्याचा मालक बदलला. कोरीवकाम म्हणून ती औरियसच्या पासंगालाही पुरणार नाही, आकृती तर मुलांनी काढल्यासारख्या. तरीही मला तीच सरस वाटते, कारण हुकमाचं चित्र तिथे घरचं झालं.

म्हणून "जुनी माळ मोडून चेन करू" हा हल्ली सर्रास ऐकू येणारा बेत मला खटकतो. सोनार वजन देईल, चित्राचं काही देणार नाही. मोडण्याआधी भिंग लावून कडेच्या रेघोट्या तरी पाहा. आमच्या घरच्या माळेत दोन पुतळ्यांवर गुडघे टेकलेला माणूस अजून ओळखू येतो. बाकी सगळ्यांवर लक्ष्मी आहे.