भीतीला मोजक्याच मात्रा पुरतात

शॉर्टफिल्मच्या वेळापत्रकात संगीतकाराचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. शूटिंग लांबतं, एडिट लांबतं, स्पर्धेची तारीख मात्र हलत नाही. मग शनिवारी रात्री फाईल येते आणि सोमवारी सकाळपर्यंत म्युझिक हवं असतं. भयपट असेल तर त्यातून काय निघतं ते आपल्याला पाठ आहे: खाली घुमणारा खर्ज, दार करकरलं की 'धाड्‌', शेवटी लहान मुलीचं गुणगुणणं. दोष वेळेवर ढकलला जातो. मला ते पटत नाही.

1978 चा 'हॅलोविन' बघा. जॉन कार्पेंटरने संगीताविना हा सिनेमा एका स्टुडिओतल्या तरुण अधिकारी बाईंना दाखवला. त्या जराही घाबरल्या नाहीत. मग संगीत त्याने स्वतःच केलं. त्याच्याच आठवणीनुसार बजेटमुळे हातात दोनच आठवडे होते, आणि तुकडे पडद्याशी न जुळवता वाजवले गेले. पुढे त्याच बाईंना सिनेमा आवडला.

त्या धूनमध्ये आहे काय? दहा ठोके, 3-3-2-2 असे. आपल्या झपतालातही दहाच मात्रा, पण 2-3-2-3. झपतालाचे दोन अर्धे सारखे, म्हणून तो तोल सावरतो. कार्पेंटरचा ठेका शेवटी आखडतो. मागून कुणीतरी पाऊल उचलल्यासारखा. वेळ कमी होता, पण निर्णय ठाम होता.

'तुंबाड'कडे (2018) बजेट आणि वेळ दोन्ही जास्त. पार्श्वसंगीत येस्पर किड या डॅनिश संगीतकाराचं, व्हिडिओ गेम्समध्ये नाव कमावलेल्या. तरी मला आठवतो तो पाऊस. तो सिनेमाभर मागे वाजत राहतो आणि वाड्यातला ओलावा कानात साचतो. संगीत त्याच्यावर कुरघोडी करत नाही.

आपल्याकडच्या शॉर्टफिल्म्समध्ये नेमकं हेच हुकतं. नटी डोळ्यांनी घाबरत असते, आणि 'धाड्‌' तिच्या आधीच घाबरून मोकळा होतो. तिच्या अभिनयावर दिग्दर्शकाचा विश्वास नाही, एवढंच त्यातून कळतं.

शिवाय हे बघणार कोण? आपणच, फोनवर. फोनच्या स्पीकरला खोल खर्ज झेपत नाही. हेडफोन लावून रात्रभर घडवलेली घरघर प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही. 'सायको'मध्ये (1960) बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यं वापरली. त्यातली व्हायोलिनची किंकाळी फोनवरही चिरत जाते.

दोनच रात्री असतील तर सॅम्पल लायब्ररी चाळण्यात एक का घालवायची? बिबवेवाडीतल्या कुठल्याही सोसायटीत रात्री दोनला फोनचा रेकॉर्डर चालू करा. पाण्याच्या टाकीचा पंप. रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची धून. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं राहिलंय आणि आतली बाई रिकाम्या जिन्याला बजावतेय, प्लीज क्लोज द डोअर. ती थकत नाही, चिडत नाही. असला आवाज हॉलिवूडच्या लायब्ररीत सापडणार नाही, आणि फिल्म संपल्यावर प्रेक्षकाला स्वतःच्याच लिफ्टने घरी जायचं असतं.

एक आवाज निवडा. तो तीनदा वापरा. चौथ्यांदा, जिथे सगळे त्याची वाट बघतायत, तिथे वाजवू नका.