शोधनिबंधाचा साचा : सोय आणि सक्ती

संशोधनपर लेखनाला साचा असावा की नसावा, हा वाद सहसा चुकीच्या जागी उभा राहतो. कारण ‘साचा’ या एकाच संज्ञेखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. टंक, समास, शीर्षकांचे क्रमांक, संदर्भांची मांडणी यांचा साचा ही एक. विवेचनाने कोणत्या क्रमाने पुढे जावे हे ठरवणारा साचा ही दुसरी.

पहिला साचा मुद्रणव्यवस्थेचा भाग होय. डोनाल्ड नुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात ‘लाटेक’ उभारली, ती याच विभागणीच्या आधारे : लेखकाने प्रकरण, उपशीर्षक, टीप असे घटकांचे कार्य सांगावे, त्यांचे दृश्यरूप साच्याने ठरवावे. नियतकालिकागणिक हे दृश्यरूप बदलले तरी निबंधातील युक्तिवाद अबाधित राहतो. आशय आणि अभिव्यक्ती अविभाज्य असतात, हे साहित्यकृतीविषयीचे तत्त्व या पातळीवर लागू होत नाही.

दुसऱ्या साच्याचे तसे नाही. प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती व चर्चा हा चतुर्विभागी क्रम प्रायोगिक विज्ञानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. निरीक्षण आधी आणि अन्वयार्थ नंतर, असे गृहीत त्यामागे आहे. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ मध्ये या रचनेवरच आक्षेप घेतला : ती शास्त्रज्ञाच्या प्रत्यक्ष विचारप्रक्रियेचे विपर्यस्त चित्र उभे करते, अपेक्षेवाचून निरीक्षण संभवत नाही. साहित्यसमीक्षेत तर ही विभागणी मुळातच टिकत नाही. कवितेतील प्रतिमा लक्षणीय ठरते तीच अन्वयार्थाच्या प्रकाशात. तरीही अनेक मराठी प्रबंधांत उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती, निष्कर्ष ही ठरीव मालिका येते आणि अखेरीस ‘गृहीतक सिद्ध झाले’ अशी नोंद होते. जे असिद्ध ठरण्याची शक्यताच नव्हती, ते सिद्ध झाल्याने ज्ञानात कोणती भर पडते?

साच्याचा त्याग हा मात्र यावरील उपाय नव्हे. पूर्वमीमांसेतील ‘अधिकरण’ हाही साचाच आहे : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. तेथे संशयावाचून विवेचनाला प्रारंभच नाही आणि प्रतिपक्षाला डावलून निर्णयाकडे वाट नाही. अधिकरणातील निर्णय वेदप्रामाण्याने बांधलेला असतो. त्यामुळे ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. परंतु साचा पारखण्याची कसोटी त्यातून मिळते. साच्याने रकाने भरून घेतले की शंका उपस्थित करावयास लावली, हा खरा प्रश्न आहे. ज्या प्रबंधात पूर्वपक्षाला जागा नाही, त्याची मांडणी कितीही निर्दोष असली तरी त्याला संशोधन म्हणणे कठीण आहे.