सक्रिय-निष्क्रिय विभागणीची मर्यादा : पेशीपटलातील वहनाच्या अध्यापनाचे एक परीक्षण

पेशीपटलातून होणारे पदार्थांचे वहन हा विषय पदवीच्या वर्गात बहुधा एका तक्त्यात आटोपला जातो. डाव्या रकान्यात निष्क्रिय वहन, म्हणजे विसरण, सुकर विसरण व परासरण. उजव्या रकान्यात सक्रिय वहन, म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. ऊर्जा खर्च होते की नाही, हाच निकष. गुणदानाच्या दृष्टीने तक्ता सोयीचा आहे, यात शंका नाही. परंतु ज्या वहनाला त्यात जागा नाही, त्याच वहनावर जलसंजीवनीची सारी परिणामकारकता अवलंबून आहे.

हे वहन म्हणजे सहवहन. आतड्याच्या अस्तरातील पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नसून सोडियम आयनांच्या जोडीने शिरते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात मांडली. दोन सोडियम आयनांमागे ग्लुकोजचा एक रेणू, हे प्रमाण पुढे निश्चित झाले. येथील वाहक प्रथिन स्वतः एटीपी वापरत नाही, म्हणून ते उजव्या रकान्यात बसत नाही. ते ग्लुकोजला कमी संहतीकडून अधिक संहतीकडेही नेते, म्हणून डाव्या रकान्यातही बसत नाही. ऊर्जा खर्च होतेच, पण ती अन्यत्र. पेशीच्या रक्ताकडील बाजूचा पंप एका एटीपीमागे तीन सोडियम आयन बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आयन आत घेतो आणि पेशीतील सोडियम कमी राखतो. त्या उतारावरून सोडियम आत येतो व ग्लुकोजला ओढून आणतो. पंपाचे विकर १९५७ मध्ये शोधणाऱ्या येन्स स्कोऊ यांचे नाव विद्यार्थी पाठ करतात. पंपाच्या जोरावर दुसरे वहन चालते, हे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते.

कॉलऱ्याच्या विषामुळे क्लोराइड व त्यापाठोपाठ पाणी आतड्याच्या पोकळीत ओतले जाते आणि मिठाच्या शोषणाचा नेहमीचा मार्गही मंदावतो. सहवहन तेवढे शाबूत राहते. म्हणूनच नुसते मीठपाणी अपुरे पडते आणि ग्लुकोज घालताच सोडियम व त्यामागोमाग पाणी शोषले जाते. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण दिले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला.

जलसंजीवनीत साखर कशासाठी, या प्रश्नाला पदवीधराकडून ‘चवीसाठी’ किंवा ‘ताकदीसाठी’ असे उत्तर आले, तर दोष केवळ विद्यार्थ्याचा म्हणता येणार नाही. हे अज्ञान निरुपद्रवीही नाही. ताकद यावी म्हणून साखर वाढवली, तर परासरणाने पाणी उलट आतड्यात खेचले जाते व जुलाब बळावतात. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने द्रावणाची परासारिता ३११ वरून २४५ मिलिऑस्मोल प्रतिलिटर इतकी उतरवली. परासरणाची व्याख्या घोकलेल्या विद्यार्थ्याला या बदलाचे कारण सांगता यावयास हवे.

यासाठी स्वतंत्र प्रकरणाची आवश्यकता नाही. तीन द्रावणांतील तांबड्या पेशीची आकृती फळ्यावर दरवर्षी काढली जाते. तिच्याशेजारी आतड्याची एक पेशी, पोकळीकडे सहवाहक आणि रक्ताकडे पंप दाखवून, त्याच तासिकेत काढता येते.