निमंत्रणाविना आलेले नाटक

१९४७ साली एडिंबरोच्या पहिल्या कला-महोत्सवास आठ नाटकमंडळ्या निमंत्रणाविना आल्या आणि 'फ्रिंज' रंगभूमी जन्मली. त्यांतले 'एव्हरीमॅन' हे जुने इंग्रजी नीतिनाट्य जवळच्या डन्फर्मलिनमधील प्राचीन मठमंदिरात झाले. या नाटकाची काटकसर आम्हांस भावते. मृत्यूचे बोलावणे येताच नायकाचे मित्र पांगतात. चुलतभाऊ तर पायाच्या बोटाला पेटका आल्याची सबब सांगतो! 'सत्कर्म' हे पात्र सोबत यावयास राजी, पण जमिनीवरून उठण्याचे त्यास त्राण नाही. नायक पापनिवेदन व प्रायश्चित्त करतो, तेव्हा ते उभे राहते. आमच्या मते सारे नाटक या एका उठण्यात आहे. आपल्या धर्मग्रामांतील हौशी मंडळी रंगीत झोतांवर पैसा उधळतात. येथे मोकळी फरशी पुरते. अखेरचा पंडिताचा बोध तेवढा आम्ही गाळला असता. दिसले ते पुन्हा सांगावे कशाला?