'मला उद्ध्वस्त व्हायचंय' : कर्ता कोण?

मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. शाहीर अमर शेख यांची ही कन्या, कवी नामदेव ढसाळ यांची पत्नी. संसारात सोसलेली मारहाण व अवहेलना त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिली.

शीर्षकातील 'होणे' हे क्रियापद विचार करण्याजोगे आहे. उद्ध्वस्त करणारा कोण, हे ते सांगत नाही. उर्दूत 'बरबाद होना' म्हटले तरी कर्त्याची जागा रिकामीच राहते. जेरी पिंटो यांच्या २०१६ मधील इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात मात्र ती जागा लेखिकेलाच मिळते. जणू नाश करणारीही तीच. सोसणारी व्यक्ती बहुधा असाच दोष स्वतःकडे घेते. पुस्तकाचे मोल हे, की आतील निवेदन खऱ्या कर्त्याला ओळखते.

पतीवरील प्रेम व त्याच्या कवितेचे मोठेपण लेखिका नाकारत नाही. ही विसंगती नव्हे. प्रेम होते म्हणून इजा खोटी ठरत नाही.

वर्ग मुंबईचा असो वा इंदूरच्या भंवरकुआंचा, अध्यापकाने हे पुस्तक शिकवताना 'पुरावा काय?' याआधी 'कर्ता कोण?' हे विचारावे. मागच्या बाकावरील एखादी विद्यार्थिनी त्याचे उत्तर मनात शोधत असेल.