‘पिढी’ या संज्ञेची चिकित्सा : बीटा-लॅक्टम प्रतिजैविकांचे वर्गीकरण आणि वापर

प्रस्तावना

औषधनिर्माणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सेफॅलोस्पोरिन गटातील औषधांची विभागणी पहिली ते पाचवी अशा पिढ्यांमध्ये केलेली आढळते. अध्यापनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि मराठीत ‘पिढी’ हा शब्द केवळ कालक्रम सांगत नाही. पुढची पिढी मागच्या पिढीपेक्षा चार पावले पुढे असावी, ही अपेक्षाही त्यात अंतर्भूत असते. त्यामुळे ‘तिसऱ्या पिढीचे औषध’ म्हणजे अधिक जोरकस औषध, असा समज सहज निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करावयाची आहे.

समान मर्म, भिन्न घडण

पेनिसिलीन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि मोनोबॅक्टम हे बीटा-लॅक्टम प्रतिजैविकांचे चार प्रमुख वर्ग होत. चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय हे या सर्वांचे मर्मस्थान आहे. जीवाणूची पेशीभित्तिका पेप्टिडोग्लायकनच्या साखळ्यांनी बनलेली असते. या साखळ्या एकमेकींना जोडण्याचे कार्य जी विकरे करतात, त्यांना पेनिसिलीन-बंधक प्रथिने असे म्हणतात. बीटा-लॅक्टमची रचना साखळीच्या टोकाशी असलेल्या दोन डी-ॲलॅनिनांच्या जोडीशी साम्य राखते. विकर फसते, औषधाशी पक्के बांधले जाते आणि भित्तिकेची वीण अपुरी राहते. अशी दुबळी भित्तिका आतील दाब सहन करू शकत नाही व जीवाणू फुटतो. मानवी पेशींना अशी भित्तिकाच नसल्यामुळे ही औषधे सामान्यतः सुरक्षित ठरतात. ॲलर्जी हा मात्र महत्त्वाचा अपवाद होय.

मर्म एकच असले तरी वलयाला जोडलेल्या शाखा भिन्न आहेत. औषध ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूच्या बाह्य आवरणातून आत शिरेल काय, कोणत्या बंधक प्रथिनाशी जुळेल आणि वलय तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज विकरापुढे टिकेल काय, हे प्रामुख्याने या घडणीवर अवलंबून असते. म्हणजेच औषधाचा ‘जोर’ हा त्या औषधाचा स्वतंत्र गुण नसून औषध आणि विशिष्ट जीवाणू यांच्यातील संबंध आहे.

शिडीची कल्पना कोठे ढासळते?

पहिल्या पिढीतील सेफाझोलिन आणि तिसऱ्या पिढीतील सेफ्ट्रायॲक्झोन यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. सेफ्ट्रायॲक्झोन अनेक ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंवर प्रभावी असून मेंदूच्या आवरणाच्या दाहातही उपयुक्त आहे. परंतु मेथिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या गंभीर संसर्गात सेफाझोलिनच अधिक योग्य मानले जाते. अनेक शस्त्रक्रियांपूर्वी प्रतिबंधक मात्रा म्हणूनही त्यालाच पसंती आहे. तिसऱ्याच पिढीतील सेफिक्झिम स्टॅफिलोकॉकसवर फारसे चालत नाही. गळू झालेल्या रुग्णाने ‘वरच्या पिढीची’ गोळी म्हणून ते घेतले, तर त्याच्या पदरी निराशाच येण्याचा संभव अधिक.

एकाच पिढीतील औषधेही एकसारखी नसतात. सेफ्टाझिडिम स्यूडोमोनासवर चालते, सेफ्ट्रायॲक्झोन चालत नाही. पाचव्या पिढीत गणले जाणारे सेफ्टारोलिन मेथिसिलिन-रोधी स्टॅफिलोकॉकसला आवरते. स्यूडोमोनासपुढे मात्र ते निष्प्रभ ठरते. एन्टरोकॉकस फीकॅलिसच्या बाबतीत तर जुने ॲम्पिसिलिन उपयोगी पडते आणि सेफ्ट्रायॲक्झोन एकट्याने काहीच साधत नाही. उपदंशावर आजही बेन्झाथिन पेनिसिलीन हाच प्रथम पर्याय आहे.

मोनोबॅक्टम वर्गातील ॲझट्रिओनाम हे याहून बोलके उदाहरण होय. अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध कोणत्याच पिढीत बसत नाही. २००९ मध्ये वर्णन झालेले एनडीएम-१ हे विकर कार्बापेनेमांनाही तोडते, पण ॲझट्रिओनामला तोडू शकत नाही. असे जीवाणू बहुधा इतर बीटा-लॅक्टमेजेसही बाळगतात, म्हणून त्याला ॲव्हिबॅक्टमची जोड द्यावी लागते. युरोपात २०२४ मध्ये या जोडीला मान्यता मिळाली. शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर कल्पिलेले औषध हरते आणि शिडीबाहेरचे जुने औषध कामी येते, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

समजाची किंमत

जोरकस औषधाची ओढ निरुपद्रवी नाही. एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलीन नष्ट करणारे विकर १९४० मध्येच, म्हणजे औषधाचा सार्वत्रिक वापर सुरू होण्यापूर्वी, नोंदविले होते. तिसऱ्या पिढीच्या औषधांचा वापर वाढला, तशी त्यांना तोडणारी विस्तृत-वर्णपटाची बीटा-लॅक्टमेजेस फोफावली. त्यांवर उपाय म्हणून कार्बापेनेमांचा वापर वाढला आणि मग कार्बापेनेमे तोडणारी विकरेही पसरली. येथे प्रत्येक नव्या पायरीने खालची पायरी कमकुवत केली आहे.

भारतात २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या व मार्च २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची एच-१ मध्ये सेफिक्झिम, सेफ्ट्रायॲक्झोन, मेरोपेनेम आदी औषधे नावानिशी समाविष्ट आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. परंतु ग्राहकच जेव्हा ‘जरा भारी गोळी द्या’ असे म्हणतो, तेव्हा नोंदवहीच्या जोडीला समजाची दुरुस्तीही आवश्यक ठरते.

पर्यायी दृष्टी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची ‘ॲक्सेस’, ‘वॉच’ आणि ‘रिझर्व्ह’ अशी विभागणी मांडली. ॲमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन व सेफाझोलिन ही ‘ॲक्सेस’ गटात, सेफिक्झिम, सेफ्ट्रायॲक्झोन व मेरोपेनेम ही ‘वॉच’ गटात, तर सेफ्टारोलिन ‘रिझर्व्ह’ गटात आहे. येथे निकष जोराचा नसून संयमाचा आहे, हे या विभागणीचे वैशिष्ट्य. अर्थात औषध कसे कार्य करते, हे तीवरून कळत नाही. त्यामुळे तिला कार्यपद्धतीच्या ज्ञानाची जोड देणे अपरिहार्य आहे.

निष्कर्ष

पिढीची संज्ञा पाठ्यपुस्तकांतून हद्दपार करावी, असे येथे सुचवावयाचे नाही. ती कालक्रमाची व स्थूल वर्णपटाची खूण म्हणून शिकविली जावी. श्रेष्ठतेची खूण म्हणून नव्हे. प्रत्येक औषधासंबंधी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : ते कोणत्या जीवाणूवर चालते, कोणते विकर त्याला तोडते आणि त्याहून मर्यादित वर्णपटाचे औषध पुरेसे आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर तेच औषध द्यावे. त्यातच रुग्णाचे आणि समाजाचे हित आहे.