काचेभोवतीचं रबर

जुन्या महिंद्रा जीपच्या पुढच्या काचेचं रबर ब्लेडने आडवं कापावं आणि त्याचा छेद निरखून बघावा. पाठीला पाठ लावलेल्या दोन खाचा दिसतात. एकीत काचेची कड बसते, दुसरीत फ्रेमच्या पत्र्याची. प्रत्येक खाचेला दोन ओठ, एक आतला आणि एक बाहेरचा. ना डिंक, ना स्क्रू. काच पत्र्याला कुठेही टेकत नाही, तरी वर्षानुवर्षं जागची हलत नाही. तिला धरून ठेवतो तो रबराचा आकार आणि दाबलं की पुन्हा फुगू बघण्याचा त्याचा स्वभाव. इतक्या थोडक्यात इतकं मोठं काम करणारा दुसरा भाग या गाडीत मला दिसत नाही. म्हणून रबर बदलायला घेतलं की जुनं फेकण्याआधी ते नीट वाचावं, असा माझा आग्रह असतो.

हा सांधा असा का, ते जीपच्या जन्मात आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी बांधलेल्या गाडीची पुढची काच फ्रेमसकट बॉनेटवर आडवी होत असे. वर होतं कॅनव्हासचं हूड. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत, माझगावात, विलिसच्या जीप जोडायला घेतल्या. पुढे सीजे-३बी इथे अनेक दशकं बनत राहिली आणि तिच्या मागून एमएम ५४० सारख्या गाड्या आल्या. मुळात उघडता यावी म्हणून बांधलेली ही गाडी. आत बसलेला माणूस कोरडा राहावा ही मागणी नंतरची. शिवाय तिची बॉडी वेगळ्या चासीवर ठेवलेली. एक चाक दगडावर चढलं की चासी पिळते, पाठोपाठ बॉडी पिळते, काचेची फ्रेमही थोडी पिळते. आजच्या मोटारींत काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवतात आणि बॉडीच्या मजबुतीत ती आपला वाटा उचलते. जीपच्या काचेवर तो भार टाकलेला नाही. फ्रेमचा पीळ रबर स्वतःवर घेतं, काचेपर्यंत पोचू देत नाही.

म्हणूनच गळती दिसली की फटीत सिलिकॉन भरून मोकळं होण्याच्या सवयीचा मला मनापासून राग येतो. हलायला हवा तो सांधा त्याने जागोजागी जखडतो. वरून बुजवलेल्या फटीखाली आधीचं पाणी कोंडून राहतं. पुढे कधी पत्रा रंगवायची वेळ आली, तर सिलिकॉन लागलेल्या जागी रंग धरत नाही.

मुंबईच्या नाहूर उपनगरात या रबराची परीक्षा कडक असते. पूर्वेला द्रुतगती महामार्ग, त्यापलीकडे मिठागरं आणि खाडी. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावरची अखंड वाहतूक आणि तिच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. जून ते सप्टेंबरमध्ये इथे २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, उरलेले आठ महिने ऊन आणि खारी हवा. वाहनांच्या धुरावर ऊन पडून जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि नैसर्गिक रबराचा तो वैरी. रबराच्या लांब साखळीतले दुहेरी बंध तो तोडत जातो. त्यातून भेगा पडतात त्या ताणाच्या काटकोनात, त्यामुळे जुनं रबर वाचता येतं. वरच्या कोपऱ्यांतल्या वळणावर बारीक आडव्या भेगा दाटल्या असतील, तर मागच्या वेळी बसवणाऱ्याने पट्टी कोपऱ्यावरून ओढून नेली होती. सरळ भागातही भेगा असतील, तर एकूण लांबीच कमी पडली होती. नवं रबर ईपीडीएमचं घ्यावं, कारण त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, ओझोनला धरायला जागा नसते. मात्र त्याला ग्रीस किंवा ऑइल लावू नये, ते फुगतं.

काच निघाली की खरा मजकूर समोर येतो तो पत्र्यावर. खालच्या दोन कोपऱ्यांत गंज सापडतोच, कारण ओठाखाली शिरलेलं पाणी तिथे साचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगत फुगत रबर दाबतो आणि शेवटी कुठलाही दगड न लागता काच तडकते. हा गंज चमकत्या पत्र्यापर्यंत घासायचा, रेड ऑक्साइड मारायचा, कड पुन्हा सरळ करायची. नव्या रबराचं निम्मं यश इथेच ठरतं, आणि घाईत हेच वगळलं जातं.

मग येतो तो दोरीचा भाग. माझ्या मते या साऱ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट तीच. आधी रबर काचेवर चढवतात. मग बाहेरच्या, रिकाम्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवतात आणि तिची दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन आतल्या बाजूला लोंबती ठेवतात. खाचेत साबणाचं पाणी. काच बाहेरून फ्रेमला टेकवली की एक जण बाहेरून तळव्याने दाबतो आणि दुसरा आत बसून दोरी खेचतो. दोरी निघत जाते तसा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. ओठ येतो तो दोरी जिथे आहे तिथेच, बोटभर आधी नाही की नंतर नाही. बाहेरचा दाब आणि आतली ओढ एकाच जागी, एकाच वेळी पडावी लागते. ती चुकली की ओठ फाटतो. दोघं काचेआडून एकमेकांना बघत कोपऱ्यापाशी थांबतात, पुन्हा दाब, पुन्हा ओढ. शेवटी दोरी पूर्ण हातात येते आणि सांध्यात तिचा मागमूस उरत नाही.

काच फ्रेममध्ये बसली तरी फ्रेम आणि काउल, म्हणजे काचेखालचा पत्रा, यांच्यामधली पट्टी राहतेच. काच आडवी होते ती याच सांध्यावर, त्यामुळे रबर इथे सर्वांत जास्त दबतं आणि काही वर्षांत दबलेलंच राहतं. उभी जीप पावसात कोरडी राहते आणि महामार्गावर गेली की पायावर पाणी येतं, याचं कोडं अनेकांना पडतं. धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिचा दाब वाढतो. हूडची मागची बाजू उघडी असेल तर आतला दाब उलट कमी होतो. या दोन दाबांच्या ओढाताणीत पाणी उताराच्या विरुद्धही वर चढून आत घुसतं.

कॅनव्हास काढून हार्डटॉप बसवला असेल, तर छत आणि काचेच्या फ्रेममध्ये स्पंजाची पट्टी लागते. ही पट्टी कोपऱ्यावर ताणू नये. ताणलेला स्पंज पातळ होतो आणि पुढे आखडून जोडापाशी फट सोडतो. उलट किंचित जास्त लांब कापून दाबून बसवावी. छताचे बोल्ट आधी सगळे नुसते हाताने लावावेत, दारं मिटतात का बघावं आणि मगच समोरासमोरचे आलटून पालटून कसावेत.

गळतीची तपासणीही वाचनासारखीच ओळीओळीने, पण खालून वर करावी. आत बॅटरी घेऊन एकाने बसावं. बाहेरच्याने पाइप मंद सोडून आधी फक्त काउलवर धरावा, मग काचेच्या खालच्या कडेवर, मग बाजू, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या सांध्यांवरून जातो आणि दोष कुणाचा ते कळत नाही, कारण वरच्या कोपऱ्यात शिरलेलं पाणी फ्रेमच्या आतून उतरून पार पायाशी दिसतं. नवा स्पंज पहिल्या काही पावसांत थोडा बसतो, म्हणून नंतर एकदा पाना घेऊन छताचे बोल्ट पुन्हा बघावेत. पट्टी दोन्ही बाजूंना सारखी दबलेली दिसेल इतकंच कसावं.